एकाच माणसाची चार नावे, की चार निराळी माणसे? (जुन्या जर्मन नोंदींविषयी)

ऱ्हाइनकाठची

नमस्कार मंडळी. येत्या वर्षी माझ्या सासूबाईंना ८० वर्षे पूर्ण होतील. त्यांचे माहेर जर्मनीतल्या हुन्स्रुकचे, म्हणजे ऱ्हाइन, मोझेल आणि नाहे या नद्यांच्या मधल्या डोंगराळ भागातले. आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात तसा त्यांच्या माहेरचा एक छोटा कुलवृत्तांत करून वाढदिवसाला द्यावा, असे आम्ही नवराबायकोने ठरवले आहे. साधारण १८३० पर्यंत मागे जाणे फारसे अवघड गेले नाही, पण त्याआधीच्या एका पूर्वजापाशी येऊन मी दोन महिने थांबले आहे.

घराणे कॅथलिक आहे. चर्चच्या वहीत १७७९ साली ‘योआनेस पेट्रुस’ या मुलाचा बाप्तिस्मा आहे. नागरी नोंदवहीतल्या फ्रेंच लग्नाच्या नोंदीत वर ‘पिएर’ आहे. १८०५ ते १८२० या काळात पाच मुलांचे जन्म नोंदले गेले, त्यांत बापाचे नाव कधी ‘जाँ पिएर’, कधी ‘पेटर’, तर कधी ‘योहान पेटर’ असे येते. १८४७ च्या मृत्यूनोंदीत नुसते ‘योहान’ आहे आणि वय ७१ लिहिले आहे, जे १७७९ शी जुळत नाही. बायकोचे तर विचारूच नका. लग्नात ती ‘मारी कातरीन’, पुढे एकदा ‘आन कातरीन’, मग ‘काटारीना’, आणि १८२० च्या शेवटच्या मुलाच्या वेळी ‘मारिया एलिझाबेट’.

आडनाव सगळीकडे एकच आणि गावही एकच आहे. हे एकच जोडपे आहे, की मी दोन-तीन कुटुंबांची मोट बांधते आहे? अशा नोंदी वाचण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्ग दाखवावा.

कुलवृत्तांती

ताई, ही नावे पाहून घाबरू नका. त्या काळच्या जर्मन भागात अशीच नावे सापडतात आणि त्यामागे एक पद्धत आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला बहुधा दोन किंवा तीन नावे मिळत. त्यांतले पहिले, म्हणजे मुलांसाठी योहान आणि मुलींसाठी आना किंवा मारिया, हे संताचे आणि रूढीचे नाव असे, आणि ते एकाच घरातल्या सगळ्या भावांना असू शकत असे. रोजच्या वापरातल्या नावाला जर्मनमध्ये ‘रूफनामे’ म्हणतात. ‘रूफ’ म्हणजे हाक, तेव्हा मराठीत त्याला ‘हाकेचे नाव’ म्हणणे अगदी चपखल बसते. दारात उभी राहून आई ‘योहान’ अशी हाक मारती, तर चारही पोरे धावत आली असती, म्हणून ती पेटर, याकोब, आडाम, निकोलाउस अशाच हाका मारणार.

त्यामुळे ‘योहान पेटर’, ‘पेटर’ आणि ‘पिएर’ हा एकच माणूस असायला काहीच हरकत नाही. बायकोच्या पहिल्या तीन नावांतही काटारीना कायम आहे, पुढचे मारिया की आना एवढेच बदलते. हा बदल लिहिणाऱ्याच्या स्मरणाचा भाग आहे. ‘मारिया एलिझाबेट’ मात्र मला निराळी बाई वाटते, कारण तिथे हाकेचे नावच बदलले आहे.

सरळरेघ

नियम सोपा आहे. शेवटचे नाव तेच हाकेचे नाव. त्यावरून माणूस ओळखावा आणि पुढे जावे.

स्टुटगार्टवासी

सरळरेघ यांच्याशी मी सहमत नाही. हा कल आहे, नियम नव्हे. १७७० साली आमच्या गावात जन्मलेल्या गेओर्ग विल्हेल्म फ्रीडरिख हेगेल या तत्त्वज्ञाला घरचे लोक विल्हेल्म म्हणत, म्हणजे पहिलेही नाही आणि शेवटचेही नाही, तर मधले नाव. उलट योहान वोल्फगांग ग्योटे घरात वोल्फगांग होता आणि योहान क्रिस्टोफ फ्रीडरिख शिलरला आपण फ्रीडरिख म्हणूनच ओळखतो. नियम मानून पुढे गेलात, तर हेगेलसारखा एखादा पूर्वज हातचा जाईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या कागदपत्रांत हाकेचे नाव अधोरेखित केलेले पुष्कळदा दिसते, पण अठराव्या शतकात ती सोय सहसा मिळत नाही.

आणखी एक बारकावा सांगतो. जुन्या नोंदींत ‘योहान’ आणि ‘योहानेस’ यांत फरक असू शकतो. ‘योहान’ बहुधा दुसऱ्या नावाच्या आधी लागणारे, तर ‘योहानेस’ एकटे आले की तेच हाकेचे नाव, आणि मग बोलताना त्याचे हान्स किंवा हान्नेस होते. ताई, तुमच्या १८४७ च्या नोंदीत नेमके ‘योहान’ आहे की ‘योहानेस’, हे मूळ प्रतिमेवर पुन्हा पाहा. सूचीवर विसंबू नका.

स्वरवेडा

मी संगीताच्या वाटेने या विषयाकडे आलो. बाख घराण्याची वंशावळ पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला वाटले की छापणाऱ्याची चूक झाली आहे. योहान सेबास्टियान बाख यांचे वडील योहान आम्ब्रोसिउस, वडिलांचे जुळे भाऊ योहान क्रिस्टोफ, सेबास्टियानचा थोरला भाऊ पुन्हा योहान क्रिस्टोफ आणि दुसरा भाऊ योहान याकोब. काका आणि पुतण्या यांचे पूर्ण नाव अक्षरन् अक्षर एकच आहे! सेबास्टियानला आईवडिलांच्या मागे याच थोरल्या भावाने सांभाळले, हे माहीत नसेल तर वाचणारा सहज काकापाशी जाऊन पोचेल.

भाषेमुळे नाव कसे बदलते याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण साल्झबुर्गचे आहे. २८ जानेवारी १७५६ च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मोझार्टचे नाव ‘योआनेस क्रिसोस्टोमुस वोल्फगांगुस थेओफिलुस’ असे आहे. आदल्या दिवशी, २७ जानेवारीला, संत योहानेस क्रिसोस्टोमुस यांचा सण होता आणि त्याच दिवशी हे मूल जन्मले, म्हणून पहिली दोन नावे आली. थेओफिलुस हे ग्रीक वळणाचे, वडिलांनी लिहिले ते जर्मन ‘गॉटलीब’, आणि पुढे तो स्वतः लिहू लागला ‘आमादे’. तिन्हींचा अर्थ ईश्वराशी जोडलेल्या प्रेमाचाच. यातले कोणते नाव खरे, असे विचारले तर उत्तर देता येणार नाही.

ताई, तुमच्या वयाच्या गोंधळावरून मात्र मला बेथोव्हेन आठवला. त्याच्या आधी, एप्रिल १७६९ मध्ये, लुडविग मारिया नावाच्या भावाचा बाप्तिस्मा झाला होता आणि ते बाळ सहा दिवसांत गेले. पुढच्या वर्षी, १७ डिसेंबर १७७० रोजी, आपल्या ओळखीच्या लुडविगचा बाप्तिस्मा झाला. १८१० साली बेथोव्हेनने बालमित्र वेगेलर याला पत्र लिहून बॉनहून दाखला मागवला, तेव्हा आपल्या आधी एक लुडविग होऊन गेला आहे हे ध्यानात ठेवायला त्याने बजावले होते. योग्य दाखला हाती आल्यावरही त्याचा त्यावर विश्वास बसला नाही, कारण तो स्वतःला दोन वर्षांनी लहान समजत असे. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत त्या काळी सर्रास होती. तुमच्या योआनेस पेट्रुसच्या आधी त्याच नावाचे एखादे मूल होते का, ते बघाल का?

शाईदौत

स्वरवेडा यांचा हा प्रश्न या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. बाप्तिस्मा सापडला की आपण आनंदाने थांबतो आणि दफनाची वही उघडतच नाही. बालमृत्यू पाहिल्याशिवाय कोणताही बाप्तिस्मा कोणाच्याही नावावर चढवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता ताईंच्या भागाविषयी. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर १७९८ पासून फ्रेंचांनी नागरी नोंदणी आणली. सिमर्नच्या आसपासचा हुन्स्रुक ऱ्हाइन-मोझेल या विभागात गेला आणि त्याचे मुख्य ठिकाण कोब्लेंत्स होते. नोंदी फ्रेंचमध्ये लिहिल्या जात, म्हणून जन्मभर पेटर म्हणवणारा शेतकरी कागदावर पिएर झाला, विल्हेल्मचा गियोम आणि योहानचा जाँ झाला. त्याच काळात चर्चची वही मात्र लॅटिनमध्येच चालू राहिली, त्यामुळे एकाच बाळाचा एकाच आठवड्यात एका वहीत ‘गियोम’ आणि दुसऱ्या वहीत ‘ग्विलिएल्मुस’ होऊ शकतो. १८१४ नंतर नोंदी पुन्हा जर्मन झाल्या आणि १८१५ मध्ये हा भाग प्रशियाकडे गेला. म्हणजे तुमच्या पेटरने जागचे न हलता तीन भाषांतली नावे वापरली. तारखांकडेही लक्ष असू द्या, कारण १८०५ च्या अखेरीपर्यंत फ्रेंच क्रांतीची दिनदर्शिका चालू होती आणि ‘वर्ष १२’ म्हणजे सप्टेंबर १८०३ ते सप्टेंबर १८०४.

याच मुलखातला प्रसिद्ध दरोडेखोर शिंडरहान्नेस याचे नाव योहानेस ब्युकलर. माइन्झमध्ये फ्रेंच न्यायालयाने त्याला शिक्षा दिली आणि २१ नोव्हेंबर १८०३ रोजी १९ साथीदारांसह त्याचा शिरच्छेद झाला. लोकांच्या तोंडी तो हान्नेस आणि त्याची जोडीदार युलियाना ही युलखेनच राहिली. कागदावरचे नाव आणि गावच्या तोंडचे नाव किती वेगळे चालत होते, हे त्यावरून समजते.

एक शंका

मी या क्षेत्रात नवीन आहे. बोलीतली रूपे कशी ओळखावीत? माझ्या एका नोंदीत ‘ट्रीने’ आहे आणि एकीत ‘थीस’.

कुलवृत्तांती

ट्रीने म्हणजे काटारीना आणि थीस म्हणजे माटियास, दोन्हींत नावाचे शेपूट उरले आहे. जर्मनमध्ये नाव तोडताना बऱ्याचदा मागचा भाग ठेवतात, जसे निकोलाउसचा क्लाउस, सेबास्टियानचा बास्टियान, मागडालेनाची लेना, मार्गारेटाची ग्रेटे. प्रदेशावरही पुष्कळ अवलंबून आहे. माटियास उत्तरेत थीस होतो, तर बव्हेरियात हियास. योसेफ हा बव्हेरियात सेप, तर ऱ्हाइनकाठी युप. गेओर्ग दक्षिणेत योर्ग, उत्तरेत युर्गेन. एलिझाबेटची रूपे तर सर्वांत जास्त असतील, एल्से, इल्झे, लीझे, एल्सबेट, बेटी ही सगळी एकाच बाईची असू शकतात. तेव्हा ‘ट्रीने’ वाचून नवी व्यक्ती धरू नका. पण उलटही सांगतो, की एल्से आणि लीझे दोन सख्ख्या बहिणीही असू शकतात.

पुणेरी वाचक

या धाग्यामुळे एका गोष्टीचा उलगडा झाला. डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ पर्यंत संस्कृत शिकवणारे व्याकरणपंडित किलहॉर्न आपल्याला फ्रान्त्स किलहॉर्न म्हणून माहीत आहेत, पण त्यांचे पूर्ण नाव लोरेन्त्स फ्रान्त्स. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आलेले ब्युलर आपल्यासाठी गेओर्ग, पण पूर्ण नाव योहान गेओर्ग. मी एका ग्रंथालयाच्या जुन्या सूचीत ब्युलर यांची पुस्तके दोन ठिकाणी, ‘ग’ आणि ‘य’ खाली, विभागलेली पाहिली होती आणि तेव्हा ते दोन वेगळे विद्वान असावेत असेच मला वाटले होते. मॅक्स म्युलर यांचे तर पहिले नाव फ्रीडरिख, आणि म्युलर हे आडनाव फार सर्वसाधारण म्हणून त्यांनी हाकेचे नाव आडनावालाच जोडून घेतले.

वाटसरू

एक बाजू अजून कोणी मांडली नाही, ती ज्यू कुटुंबांची. तिथे धर्मविधीसाठी हिब्रू नाव आणि व्यवहारासाठी जर्मन वळणाचे नाव अशी जोडी असे. नफ्ताली असेल तर व्यवहारात हिर्श, कारण बायबलात नफ्तालीची तुलना हरिणीशी केली आहे, तसेच यहूदासाठी सिंहावरून ल्योब आणि बेन्यामीनसाठी लांडग्यावरून वोल्फ. २० जुलै १८०८ च्या नेपोलियनच्या हुकुमाने त्यांना कायमची नावे व आडनावे नोंदवणे भाग पडले. ट्रियरचे वकील हाइनरिख मार्क्स, म्हणजे कार्ल मार्क्स यांचे वडील, जन्माने हेर्शेल होते. ताईंच्या घराण्याला हे लागू नाही, पण त्याच भागात काम करणाऱ्याला हुकुमाच्या आधीची आणि नंतरची नावे जोडता आली पाहिजेत.

सरळरेघ

स्टुटगार्टवासी यांचे हेगेलचे उदाहरण मला मान्य आहे आणि मी ‘नियम’ हा शब्द मागे घेतो. मात्र एक विनंती आहे. प्रत्येक फरकाला लेखनिकाची चूक म्हणून सोडून देऊ नये. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी ‘आना मार्गारेटा’ आणि ‘मारिया मार्गारेटा’ यांना एकच धरले. त्या दोन सख्ख्या जावा होत्या, आणि माझ्या चुकीवरून चार जणांनी आपापल्या वंशावळी संकेतस्थळांवर चढवल्या. त्या अजूनही पूर्णपणे दुरुस्त झालेल्या नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कुलवृत्तांती

सरळरेघ, मोकळेपणाने सांगितलेत याबद्दल आभार. म्हणूनच मी धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे कधी सोडत नाही. मुलाचे नाव बहुधा धर्मपित्याचे असे, त्यामुळे ‘पेट्रुस’ कुठून आले ते तिथे कळते. शिवाय त्या जावांची माहेरची माणसे वेगवेगळ्या बाप्तिस्म्यांना उभी राहिलेली दिसली असती.

शाईदौत

ताईंसाठी आता नेमके काम सांगतो. १८१४ ते १८२० या काळात काटारीनाची मृत्यूनोंद शोधा. सापडली, तर नवऱ्याचे दुसरे लग्न शोधा आणि त्या लग्नाला जोडलेले कागद मागवा. फ्रेंच कायद्याची ही पद्धत प्रशियाच्या काळातही या भागात चालू राहिली. वधूवरांना जन्माचा उतारा, आधीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला, आईवडील हयात नसतील तर त्यांचेही मृत्यूदाखले हजर करावे लागत. नावाच्या साऱ्या रूपांना एका दोऱ्यात ओवणारा त्याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. मृत्यूनोंदीतले वय मात्र शेजाऱ्याने किंवा मुलाने सांगितलेले असते, त्यात तीन वर्षांचा फरक मी फारसा मनावर घेत नाही.

मांडवीतीर

ताई, तुमच्या पाच मुलांपैकी कोणी ब्राझीलला गेले का? १८२४ पासून हुन्स्रुकमधून कितीतरी कुटुंबे ब्राझीलमधल्या रिओ ग्रांदे दो सुल या प्रांतात गेली आणि तिथे आजही हुन्स्रुकची बोली बोलली जाते. मी गोव्यातल्या जुन्या चर्चच्या वह्या वाचते, त्यामुळे पोर्तुगीज नोंदींची सवय आहे. तिथे योहान पेटरचा ‘ज्वांव पेद्रू’, विल्हेल्मचा ‘गिल्येर्मी’, निकोलाउसचा ‘निकोलाव’ होतो. सर्वांत फसवे नाव म्हणजे एलिझाबेट, कारण पोर्तुगीजमध्ये तिची ‘इझाबेल’ होते आणि शोधताना कोणाच्या ते लक्षातच येत नाही. तशी एखादी नोंद असल्यास मला पाठवा, मी आनंदाने वाचून देईन.

ऱ्हाइनकाठची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण कागद हाती यायला वेळ गेला.

आधी स्वरवेडा यांचा प्रश्न. दफनाच्या वहीत १७७८ साली ‘योआनेस पेट्रुस, बालक’ अशी नोंद निघाली आणि मागे जाऊन पाहिले, तर १७७६ चा त्याचा बाप्तिस्माही निघाला. दोन्ही बाप्तिस्म्यांना धर्मपिता एकच, पेट्रुस नावाचा आईचा भाऊ. मी ही वही आधी उघडलीच नव्हती.

काटारीनाची मृत्यूनोंद १८१७ ची आहे. १८१६ चा उन्हाळा असा आलाच नाही आणि पुढच्या वर्षी साऱ्या भागात उपासमार झाली, त्या वर्षातली ती नोंद. पाठीमागे चार मुले होती, सर्वांत धाकटे तीन वर्षांचे. पुढच्या वर्षी, १८१८ मध्ये, त्याने मारिया एलिझाबेटशी लग्न केले. त्या लग्नाला जोडलेल्या कागदांत १७७९ चा बाप्तिस्म्याचा लॅटिन उतारा आहे आणि पहिल्या बायकोचा मृत्यूदाखलाही आहे. त्या दाखल्यात नवऱ्याचे नाव ‘पेटर’, लग्नाच्या नोंदीत ‘योहान पेटर’, उताऱ्यात ‘योआनेस पेट्रुस’, आणि तिन्ही कागद एकाच दोऱ्याने शिवलेले आहेत. म्हणजे नवरा एकच आणि बायका दोन. कुलवृत्तांती यांचा अंदाज खरा ठरला.

१८४७ ची नोंद मूळ प्रतिमेवर पाहिली. शब्द ‘योहान’ असाच आहे, ‘योहानेस’ नाही, आणि बायकोचे नाव लिहिलेलेच नाही.

हे सारे मी रविवारी सासूबाईंना सांगितले. वाढदिवसापर्यंत गुपित ठेवायचे होते, पण राहवले नाही. त्या काटारीनाच्या नोंदीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, की त्यांच्या लहानपणी गावात त्यांच्या घराला आडनावाने कोणीच ओळखत नसे, सगळे त्या घराला ‘हानपीटर्स’ म्हणत, आणि का म्हणतात हे त्यांनी कधी कोणाला विचारले नव्हते.

स्टुटगार्टवासी

ताई, हे वाचून फार आनंद झाला. हान म्हणजे योहान आणि पीटर म्हणजे पेटर, घराच्या नावात दोन्ही जोडून राहिले. त्या भागात घरांना अशी नावे असतात आणि घराचा मालक बदलला तरी ती टिकतात.

शाईदौत

मलाही आनंद झाला, तरी एक सावधगिरी. घराचे नाव याच योहान पेटरवरून पडले, की त्याच्या मुलावरून किंवा एखाद्या नातवावरून, हे अजून सिद्ध झालेले नाही. १८४७ चा मृत तोच का, हेही उघडे आहे. मारिया एलिझाबेटची मृत्यूनोंद शोधा. ती १८४७ नंतर वारली असेल, तर तिथे ‘अमक्याची विधवा’ असे नवऱ्याचे नाव बहुधा पूर्ण लिहिलेले मिळेल.

ऱ्हाइनकाठची

शोधते. तोवर १८४७ ची नोंद तक्त्यात पेन्सिलीने लिहिली आहे. आणि मांडवीतीर, दुसऱ्या लग्नाच्या १८२० च्या मुलीचे नाव आईवरून एलिझाबेट असे आहे, पण तिचे ना लग्न सापडते, ना मृत्यू. ब्राझीलच्या नोंदींत मी तिला एलिझाबेट म्हणूनच शोधत होते. आज रात्री इझाबेल म्हणून शोधते आणि काही सापडले तर तुम्हाला पाठवते.